क्वार्टरबॅकचे पास वारंवार का चुकतात? दोष शोधण्याची एक पद्धत

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी एक तक्रार हमखास कानावर येते. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू, उंचापुरा आहे, शाळेत असताना त्याचे नाव गाजलेले आहे, सरावात त्याचा चेंडू सहज लांब जातो, आणि तरीही प्रत्यक्ष सामन्यात तीसपैकी जेमतेम पंधरा पास झेलले जातात, एक-दोन थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात पडतात आणि तिसऱ्या डाउननंतर (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींपैकी तिसरी) चेंडू लाथाडून परत द्यावा लागतो. सामना संपण्याआधीच लोकांचे निदान तयार असते: हात कच्चा आहे, याला बदला. पुढच्या शनिवारी दुबळ्या संघाविरुद्ध तोच मुलगा तीनशे यार्ड फेकतो आणि निदान मागे घेतले जाते. त्याच्या पुढच्या शनिवारी दुखणे पुन्हा डोके वर काढते.

हे दुखणे असे उलटत राहते त्याचे कारण, माझ्या मते, आपण पास जिथे पडला तिथे पाहतो आणि जिथे बिघडला तिथे पाहत नाही, हे आहे. स्नॅप झाल्यापासून, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू झाल्यापासून, तो क्वार्टरबॅकच्या हातातून सुटेपर्यंत साधारण अडीच ते तीन सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात पाच लाइनमनना समोरच्यांना अडवायचे असते, पास झेलणाऱ्या रिसीव्हरला ठरलेल्या पावलावर वळायचे असते, आणि क्वार्टरबॅकला बचावाचे सर्वांत मागचे खेळाडू, म्हणजे सेफ्टी, कुठे सरकले ते ओळखून, पाय रोवून, मग हात चालवायचा असतो. हाताची पाळी सर्वांत शेवटी येते. आधीच्या कुठल्याही टप्प्यावर काही चुकले तरी ते दिसते मात्र हातावरच. म्हणून निवारणाचा क्रम स्नॅपकडून हाताकडे असावा, हाताकडून मागे नव्हे. माझा भाचा इथल्या विद्यापीठात शिकायला आल्यापासून आम्ही दोघे मिळून सामन्यांच्या नोंदी ठेवत आलो आहोत, आणि खाली दिलेली पद्धत त्या वहीतून हळूहळू तयार झालेली आहे.

आधी आकडाच तपासा

क्वार्टरबॅकवरचा आरोप बहुतेक वेळा पूर्ण पासांच्या टक्केवारीवर उभा असतो. आजच्या वरच्या स्तरावरच्या कॉलेज फुटबॉलमध्ये ती साठ टक्क्यांच्या आसपास असणे सर्वसाधारण मानले जाते. त्यामुळे कोणी पन्नासवर आला की आरडाओरडा होतो. पण तीस पासांच्या सामन्यात अठरा झेलले गेले तर साठ टक्के होतात आणि पंधरा झेलले गेले तर पन्नास. सगळा फरक तीन चेंडूंचा आहे. त्या तीनपैकी एक रिसीव्हरच्या छातीवर आदळून खाली पडलेला असू शकतो, एक घड्याळ थांबवण्यासाठी मुद्दाम जमिनीवर आपटलेला असू शकतो आणि एक, कोणीच मोकळे नसल्यामुळे, शहाणपणाने सीमारेषेबाहेर भिरकावलेला असू शकतो. हिशेबात हे तिन्ही अपूर्ण पासच. म्हणून एका सामन्याच्या टक्केवारीवरून निदान करू नये. किमान तीन-चार सामन्यांच्या नोंदी हाती आल्याशिवाय मी तरी मत बनवत नाही.

दुसरा आकडा म्हणजे पासिंग एफिशियन्सी. कॉलेजचे हे सूत्र एनएफएलच्या (व्यावसायिक लीगच्या) सूत्राहून वेगळे आहे, आणि दोन्हींची गल्लत झाल्याने पुष्कळ गैरसमज होतात. कॉलेजच्या सूत्रात पासांमधून मिळालेले यार्ड ८.४ ने गुणायचे, त्यात प्रत्येक टचडाउनचे (चेंडू गोलरेषेपार पोचल्याचे) ३३० आणि प्रत्येक पूर्ण पासचे १०० मिळवायचे, प्रत्येक इंटरसेप्शनचे (प्रतिस्पर्ध्याने पळवलेल्या पासाचे) २०० वजा करायचे आणि आलेल्या बेरजेला एकूण पासांनी भागायचे. १९६५ ते १९७८ या हंगामांची सरासरी बरोबर १०० यावी अशा बेताने हे सूत्र बसवलेले आहे. त्या काळी निम्म्याहून कमी पास झेलले जात आणि शंभरातले सहा-सात प्रतिस्पर्धी पळवीत असत. म्हणजे आज कोणाचा आकडा ११० आला तर तो 'सरासरीपेक्षा बरा' असे समजू नये. तो आजच्या मानाने कमकुवत आहे. एनएफएलच्या आकड्याला १५८.३ ही कमाल मर्यादा आहे, कॉलेजच्या आकड्याला तशी टोपी नाही.

हे सूत्र यार्ड मोजते, पण ते यार्ड कोणी कमावले हे पाहत नाही. खेळ सुरू होण्याच्या रेषेमागेच दिलेला छोटा स्क्रीन पास रिसीव्हरने पळत जाऊन चाळीस यार्ड नेला, तर ते चाळीसही यार्ड क्वार्टरबॅकच्या नावावर जमा होतात. त्यामुळे लहान पासांच्या आधाराने आकडा चांगला दिसतो, आणि जेव्हा समोरचा संघ हे छोटे पास जागच्या जागी दाबतो, तेव्हा 'अचानक' बिघाड झाला असे वाटते. बिघाड अचानक झालेला नसतो, तो आधीपासून झाकलेला असतो. आमच्या वहीत म्हणूनच चेंडू हवेत किती यार्ड गेला याचा वेगळा रकाना आहे.

तिसरी गोष्ट सॅकची. क्वार्टरबॅक पास फेकण्याआधीच खाली पाडला गेला, तर गमावलेले यार्ड कॉलेजच्या हिशेबात धावण्याच्या खात्यातून वजा होतात. एनएफएलमध्ये ते संघाच्या पासिंगमधून जातात. ४ सप्टेंबर २०२१ रोजी शार्लटमध्ये क्लेम्सन आणि जॉर्जिया या विद्यापीठांचा सामना झाला. जॉर्जियाने तो १०-३ असा जिंकला, आणि क्लेम्सनची धावण्याची कमाई पूर्ण सामन्यात अवघी २ यार्ड नोंदली गेली. ती दोन यार्डची नोंद वाचून धावणाऱ्यांना दोष द्यावासा वाटतो, पण त्याच सामन्यात क्लेम्सनचा क्वार्टरबॅक डी. जे. उइआगालेले सात वेळा पाडला गेला होता आणि ते सगळे यार्ड त्या खात्यातून गेले होते. पासिंगचा बिघाड दुसऱ्याच पानावर लिहिला गेला होता, असे म्हणायला हरकत नाही.

वही कशी मांडावी

सामना पाहताना नोंदी करू नयेत. गर्दीच्या आवाजात आणि आपल्या स्वतःच्या निराशेत डोळे नीट काम करत नाहीत. रविवारी सकाळी सामन्याचे चित्रमुद्रण लावून बसावे आणि प्रत्येक पास तीन ठिकाणी थांबवून पाहावा. पहिला थांबा स्नॅपच्या क्षणी: मागे सेफ्टी किती आहेत, एक की दोन? दुसरा थांबा मागे सरकणाऱ्या क्वार्टरबॅकचा शेवटचा पाय जमिनीवर टेकतो तिथे: आता सेफ्टी कुठे आहेत, आणि त्याच्या भोवतीची मोकळी जागा, जिला पॉकेट म्हणतात, शाबूत आहे का? तिसरा थांबा चेंडू हातातून सुटताना: त्याचा पुढचा पाय कुठे रोखलेला आहे?

दूरचित्रवाणीच्या नेहमीच्या कोनात लांब धावणारे रिसीव्हर चौकटीबाहेर जातात, ही मोठी अडचण आहे. म्हणून पुनःप्रक्षेपणात गोलरेषेच्या मागून घेतलेले दृश्य आले की ते सोडू नये. पाय आणि खांदे त्यातच नीट दिसतात. जिथे काहीच कळत नाही तिथे रकाना कोरा ठेवावा. अंदाजाने भरलेला रकाना कोऱ्या रकान्यापेक्षा वाईट.

यानंतर प्रत्येक अपूर्ण पासापुढे एकच कारण लिहायचे: सर्वांत आधी कोणता टप्पा बिघडला? लाइनमन मागे ढकलला गेला आणि त्यामुळे क्वार्टरबॅकचा पाय उचलला गेला असेल, तर कारण संरक्षण हे आहे, पाय नव्हे. हा एक नियम पाळला की निम्मी भांडणे मिटतात.

पॉकेट मोकळे असताना काय होते?

निदानाची सर्वांत महत्त्वाची कसोटी हीच आहे. अंगावर कोणी येत नसताना चुकलेले पास आणि अंगावर कोणी येत असताना चुकलेले पास, असे दोन ढीग करावेत. दडपणाखाली सगळेच क्वार्टरबॅक घसरतात, आणि ते आकडे एका हंगामातून दुसऱ्या हंगामात फार हेलकावे खातात. मोकळ्या पॉकेटमधली कामगिरी त्या मानाने स्थिर असते, म्हणून खेळाडूविषयी ती अधिक सांगते. मोकळ्या पॉकेटमध्ये तो ठीक असेल आणि एकूण आकडा वाईट असेल, तर औषध लाइनला द्यायला हवे: लाइनच्या उजव्या टोकाच्या राइट टॅकलच्या मदतीला टाइट एंड हा आणखी एक अडवणारा उभा करणे, चेंडू लवकर सुटेल असे आखूड मार्ग देणे, पॉकेट बाजूला सरकवणे.

मात्र यात एक फसवी पायरी आहे. चार-पाच सामने सतत मार खाल्लेला मुलगा मोकळ्या पॉकेटमध्येही मार खाल्ल्यासारखा वागू लागतो. नजर मैदानावरून खाली, समोरच्या झटापटीकडे येते; वजन मागच्या पायावर राहते; कोणी अंगावर येण्याआधीच तो बाजूला सरकतो. वहीत हे पास 'मोकळे पॉकेट' या रकान्यात पडतात आणि सगळा दोष त्याच्या माथी बसतो. हे ओळखण्यासाठी सामन्यांचा क्रम पाहावा. पहिल्या दोन सामन्यांत मोकळ्या पॉकेटमध्ये तो शांत असेल आणि लाइन कोसळल्यानंतरच्या सामन्यांत तिथेही बिथरत असेल, तर मूळ लाइनमध्येच आहे, फक्त दुखणे आता त्याच्या अंगात उतरले आहे. असा दोष लाइन सुधारल्यावर लगेच जात नाही; त्याला काही आठवडे द्यावे लागतात, आणि ते दिले जात नाहीत याचे मला खरोखर वाईट वाटते. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा असतो तो.

उइआगालेलेचेच उदाहरण पुन्हा घेऊ. २०२० मध्ये नवखा असताना, मुख्य क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्सच्या गैरहजेरीत, त्याने नोत्र दामविरुद्ध ४३९ यार्ड फेकले होते. २०२१ च्या पूर्ण हंगामात त्याची टक्केवारी ५५.६ वर आली, ९ टचडाउन आणि १० इंटरसेप्शन झाली, आणि सूत्राने हिशेब केला तर एफिशियन्सी १०९ च्या आतच राहते. एका वर्षात हात बदलत नाही. बदलले होते ते भोवतालचे: धावणारा ट्रॅव्हिस एटिएन आणि अमारी रॉजर्स, कॉर्नेल पॉवेल हे रिसीव्हर एनएफएलमध्ये गेले होते. २०२२ मध्ये तो ६१.९ टक्के आणि २२ टचडाउनपर्यंत सावरला, तरी त्याच्याविषयीचे पहिले निदान पुसले गेले नाही.

चेंडू कुठे चुकतो त्यावरून पाय ओळखा

मोकळ्या पॉकेटमध्ये, न बिथरता, तरीही पास चुकत असतील तर आता शरीराकडे वळावे. आणि इथेही हाताच्या आधी पाय. क्रिकेट खेळलेल्या मराठी वाचकाला हे लवकर पटेल. गोलंदाजाचा पुढचा पाय चुकीच्या जागी पडला की दिशा आणि टप्पा दोन्ही बिघडतात, मग मनगट कितीही चांगले असो. क्वार्टरबॅकचेही तसेच आहे. फेकीची ताकद जमिनीतून पायांत, पायांतून कमरेत, कमरेतून खांद्यात येते, आणि हात ती फक्त पोचवतो.

उजव्या हाताने फेकणाऱ्याचा पुढचा पाय म्हणजे डावा पाय. तो फार लांब टाकला गेला तर शरीराचे वजन मागेच अडकते, खांदा वर तोंड करून राहतो आणि चेंडू रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो. डावा खांदा वेळेआधी उघडला तर हात मागे रेंगाळतो आणि चेंडू वर व उजवीकडे निसटतो. डावा पाय लक्ष्याच्या आडवा, उजवीकडे पडला तर कंबर फिरायला जागाच राहत नाही, सगळी फेक एकट्या हातावर येते आणि चेंडू मऊ, तरंगता जातो. आणि पाय बरोबर, चेंडूची फिरकी घट्ट, तरीही पास रिसीव्हरच्या पाठीमागे पडत असेल, तर दोष शरीरात नाही. चेंडू अर्ध्या सेकंदाने उशिरा सुटला आहे, आणि त्याचे मूळ डोळ्यांत शोधावे. म्हणून 'अपूर्ण' एवढेच न लिहिता वर, खाली, पुढे, मागे असे लिहिणे आवश्यक आहे. एकाच बाजूला चुकणारे पास दुरुस्त होतात. चहूकडे विखुरलेले पास म्हणजे प्रत्येक वेळी पाय वेगळे पडत आहेत, आणि ते दुरुस्त करणे अवघड असते.

आमच्या वहीतला एक पास भाच्याने मला इतक्या वेळा दाखवला की तो आता पाठ झाला आहे. तिसरा डाउन, आठ यार्ड हवे, पॉकेट स्वच्छ. क्वार्टरबॅक पाच पावले मागे जातो, मागचा पाय टेकतो, रिसीव्हर उजवीकडे वळलेला आहे आणि मोकळा आहे. क्वार्टरबॅकचे डोके उजवीकडे वळते, खांदे वळतात, पण डावा पाय अजून सरळ मैदानाच्या मध्याकडे रोखलेला आहे. घोटा, गुडघा, कंबर एका दिशेला आणि हात दुसऱ्या दिशेला. चेंडू रिसीव्हरच्या चार फूट पुढे, जमिनीवर. त्या रात्री आम्ही दोघांनी हात कच्चा असल्याचे मान्य केले होते. दुसऱ्या दिवशी चित्र थांबवल्यावर दिसले की हाताला करण्यासारखे काही उरलेच नव्हते.

शरीराचा विचार करताना जुनी दुखापत विसरू नये. मायकल पेनिक्स धाकटा हा क्वार्टरबॅक डावखुरा, म्हणजे त्याचा पुढचा पाय उजवा. इंडियाना विद्यापीठात असताना २०१८ आणि २०२० या दोन्ही वर्षी त्याच्या उजव्याच गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटला. २०२१ मध्ये परतल्यावर त्याची टक्केवारी ५३.७ होती आणि ४ टचडाउनसमोर ७ इंटरसेप्शन. ज्या पायावर फेकीचे सगळे वजन येऊन थांबते त्यावर विश्वास नसताना अचूकता टिकावी कशी, असे माझे वाचन आहे. २०२२ मध्ये तो वॉशिंग्टन विद्यापीठात गेला, तिथे त्याला इंडियानातलाच जुना प्रशिक्षक केलन डीबोअर पुन्हा भेटला, आणि त्या हंगामात ६५.३ टक्के पास पूर्ण करत त्याने ४,६४१ यार्ड फेकले.

शरीरातला दोष खरोखर शरीरातलाच असल्याचे उदाहरण म्हणून जॉश अ‍ॅलन घ्यावा लागेल. वायोमिंग विद्यापीठात २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षे तो ५६ टक्क्यांच्या आसपास राहिला. हात विलक्षण ताकदीचा, पण पाय आणि कमरेचा मेळ नसे. एनएफएलच्या बफलो बिल्सने २०१८ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला सातव्या क्रमांकावर निवडले. पहिल्या वर्षी ५२.८, दुसऱ्या वर्षी ५८.८ आणि तिसऱ्या वर्षी ६९.२ टक्के अशी त्याची चढण आहे. तिसऱ्या वर्षी स्टेफॉन डिग्जसारखा रिसीव्हर आला हेही खरे, त्यामुळे सगळे श्रेय पायांच्या सरावाला देता येत नाही. पण फेकीची घडण बदलायला किती काळ लागतो याचा अंदाज यावरून येतो. हंगामाच्या मध्यावर, दोन सामन्यांच्या मधल्या सहा दिवसांत, ती बदलत नसते. तसा प्रयत्न केल्यास मुलगा मैदानावर स्वतःच्याच पायांचा विचार करू लागतो आणि जे चांगले होते तेही जाते.

मैदानाची रुंद बाजू

कॉलेज फुटबॉलमधली ही एक गोष्ट सर्वांत कमी तपासली जाते. मैदान १६० फूट रुंद असते. खेळ जिथून सुरू होतो त्या हॅश खुणांमधले अंतर एनएफएलमध्ये साडेअठरा फूट आहे, म्हणजे खेळ जवळजवळ नेहमी मध्यातूनच सुरू होतो. कॉलेजमध्ये हेच अंतर ४० फूट आहे. चेंडू डाव्या हॅशवर असेल तर डावी सीमारेषा ६० फुटांवर आणि उजवी १०० फुटांवर असते.

आता गणित करू. रिसीव्हर बारा यार्ड पुढे जाऊन सीमारेषेकडे वळतो आणि तिच्या दोन यार्ड आत चेंडू झेलतो. क्वार्टरबॅक खेळ सुरू होण्याच्या रेषेच्या सात यार्ड मागे उभा आहे. अरुंद बाजूला हा चेंडू हवेत सुमारे २६ यार्ड जातो. रुंद बाजूला हाच पास सुमारे साडेछत्तीस यार्ड जातो. कागदावर दोन्ही 'बारा यार्डचे पास' आहेत, नोंदीतही तसेच. पण दहा यार्ड अधिक प्रवास म्हणजे रिसीव्हरवर पहारा देणाऱ्या कॉर्नरबॅकला झडप घालायला अधिक वेळ. म्हणून प्रत्येक पासापुढे चेंडू कोणत्या हॅशवर होता आणि पास कोणत्या बाजूला गेला, हे लिहावे. चुकलेले आणि पळवलेले पास रुंद बाजूच्या सीमारेषेजवळ गोळा झालेले दिसले, तर मुलाचा हात त्या पासाला पुरत नाही, एवढाच निष्कर्ष निघतो. तो पास संघाच्या डावांच्या पुस्तकातून काढून टाकता येतो. आमच्या संघाच्या बाबतीत एका हंगामात नेमके हेच आढळले होते. अरुंद बाजूचे आणि मध्यातले पास पाहिले तर तो क्वार्टरबॅक चांगला होता, आणि त्याच्याकडून जे होत नव्हते तेच दर सामन्यात पाच-सहा वेळा करवून घेतले जात होते.

डोळे: उशीर, आणि न दिसलेला माणूस

पाय बरोबर, पॉकेट मोकळे, अंतर आवाक्यातले, तरी पास चुकतो किंवा पळवला जातो, तेव्हा प्रश्न बचाव वाचण्याचा असतो. याची खूण इंटरसेप्शनमध्ये मिळते. चेंडू रिसीव्हरच्या हाताला लागून उडाला आणि मग पळवला गेला, तर तो वाचनाचा दोष नव्हे. रिसीव्हर झाकलेला असताना हट्टाने फेकला, तर तो निर्णयाचा दोष. आणि ज्याने पळवला तो लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू) किंवा सेफ्टी क्वार्टरबॅकला दिसलाच नव्हता, तर तो वाचनाचा खरा दोष. हे तीन वेगळे आजार आहेत, आणि खात्यात तिन्हींची नोंद एकसारखीच होते.

समोरचे बचाव आता हाच गोंधळ मुद्दाम घडवतात. आयोवा स्टेटमध्ये जॉन हीकॉकने २०१७ पासून तीन सेफ्टींचा जो बचाव बसवला, त्यात पुष्कळदा केवळ तिघे चाल करून येतात आणि आठ जण मागे पसरतात. पॉकेट मोकळे असते, वेळ भरपूर असतो, पण रिकामी जागाच नसते. जो क्वार्टरबॅक 'पहिला रिसीव्हर मोकळा नसेल तर दुसरा' एवढेच शिकलेला आहे, तो इथे थांबून राहतो आणि अखेर उशिराने मध्यभागी फेकतो. दुसऱ्या थांब्याची नोंद इथे उपयोगी पडते: स्नॅपला दोन सेफ्टी मागे होते आणि शेवटचा पाय टेकताना एकच उरला, अशा बदलत्या चित्रांपुरतेच पास चुकत असतील, तर त्याला मागचा बदल वाचता येत नाही, हे निश्चित.

२०२४ पासून वरच्या स्तरावरच्या कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात प्रशिक्षकाचा आवाज पोचवायला परवानगी आहे, पण खेळ सुरू करण्याच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. बचाव आपली मांडणी बदलतो ती बहुधा त्यानंतरच. संघ उशिरा रांगेत उभा राहत असेल तर मुलाला एकट्याने पाहायलाही पुरेसे क्षण मिळत नाहीत. त्यामुळे वाचनाचा दोष लिहिण्यापूर्वी स्नॅपच्या वेळी घड्याळात किती सेकंद उरले होते ते पाहावे. दोन-तीनच उरत असतील, तर दोष बाकावरून खूण उशिरा येण्याचा आहे.

आखणी बदलल्याने वाचन किती सोपे होऊ शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण जो बरो. ओहायो स्टेटमधून तो २०१८ च्या उन्हाळ्यात लुइझियाना स्टेट विद्यापीठात (एलएसयू) आला. त्या हंगामात त्याची टक्केवारी ५७.८, टचडाउन १६ आणि एफिशियन्सी १३३.२ होती, तो एक साधारण क्वार्टरबॅक आहे असेच बहुतेकांचे मत होते. २०१९ मध्ये एनएफएलच्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून प्रशिक्षक जो ब्रेडी पासिंगच्या आखणीसाठी आला, पाच जण मैदानभर पसरवून पास देण्यावर भर दिला गेला, जस्टिन जेफरसन आणि जमार चेस हे रिसीव्हर बहरले. तोच बरो ७६.३ टक्के, ५,६७१ यार्ड, ६० टचडाउन आणि फक्त ६ इंटरसेप्शनवर पोचला, एफिशियन्सी २०२ झाली आणि संघ पंधराही सामने जिंकून अजिंक्य राहिला. पाच जण पसरले की बचावालाही पसरावे लागते, आणि तो काय करणार हे स्नॅपच्या आधीच उघडे पडते. बरोचे डोळे आधीही तितकेच चांगले असावेत. २०१८ मध्ये त्यांना पाहायला एवढे स्वच्छ चित्र मिळत नव्हते.

बदलायचे केव्हा

कधी कधी बदल हेच उत्तर असते. ऑक्टोबर २०२१ मध्ये टेक्सासविरुद्ध २८-७ असे मागे पडल्यावर ओक्लाहोमाने स्पेन्सर रॅटलरच्या जागी केलब विल्यम्सला आणले आणि सामना ५५-४८ असा जिंकला. पण असा बदल करताना वहीत काय लिहिलेले आहे ते पाहावे. मोकळ्या पॉकेटमध्ये, आवाक्यातल्या अंतरावर, न बदललेल्या बचावापुढे चार सामन्यांनंतरही पास चहूकडे विखुरत असतील, तर दुसऱ्याला संधी द्यावी. चुकलेले पास एका टॅकलच्या बाजूला, एका हॅशवरून किंवा एका प्रकारच्या बचावापुढे गोळा होत असतील, तर नवा क्वार्टरबॅकही त्याच खड्ड्यात पडणार आहे. पहिल्या सामन्यात कदाचित नाही, कारण त्याच्या खेळाचे चित्रमुद्रण अजून प्रतिस्पर्ध्यांकडे नसते, पण तिसऱ्या सामन्यात नक्की.

या हंगामात वही सुरू करायची असेल तर सगळे रकाने एकदम मांडू नयेत. पहिल्या रविवारी तीनच मांडावेत: पॉकेट मोकळे होते का, चेंडू कोणत्या हॅशवर होता, आणि पास वर, खाली, पुढे की मागे चुकला. एका सामन्याला साधारण दीड तास लागतो. झेलल्या गेलेल्या पासांचीही नोंद ठेवावी, कारण रुंद बाजूला तो दहा वेळा फेकतो आणि सहा वेळा चुकतो, की सहाच वेळा फेकतो आणि सहाही वेळा चुकतो, हे त्याशिवाय कळत नाही.